दाजी, म्हैस आणि चौथा ताण

आमच्या दाजींइतका बोलका माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका घुमाही झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. मूळचं घर घनसावंगीकडचं, शेतीवाडीचं. पण त्यांच्या वडिलांनी परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सरकी-पेंडीचं दुकान टाकलं आणि दाजी तेच चालवत होते. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की भाव सोडून दुसरं अक्षर त्यांच्या तोंडून फुटायचं नाही. लग्नकार्यात ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे असायचे आणि कुणी "काय म्हणता?" म्हणून विचारलं तर "काही न्हाई" असं अगदी खरं उत्तर द्यायचे. आमचे वडील त्यांना पाहायला गेले तेव्हा मुलगा मुका असावा असा त्यांना दाट संशय आला. बोलतो का हे बघावं म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा पाणी मागितलं. दाजींनी दर वेळी काही न बोलता तांब्या भरून आणून ठेवला. तरी लग्न ठरलं ते ताईच्या हट्टामुळे. कमी बोलणारा नवरा सुखाचा असतो, असं तिचं म्हणणं. हा माणूस आपले सगळे शब्द परमुलखासाठी राखून ठेवतोय, हे तिला बिचारीला कुठून ठाऊक असणार?

दाजींना रेडिओचं वेड होतं. गाणी ऐकायच्या रेडिओचं नव्हे, बोलायच्या. हौशी रेडिओवाल्यांची एक वेगळीच जमात असते. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, सेट स्वतःच जुळवायचा आणि आकाशातून जगभरच्या तसल्याच वेड्यांशी गप्पा मारायच्या, एवढाच त्यांचा धर्म. परवान्याबरोबर सरकारनं दाजींना व्ही यू टूनं सुरू होणारं नुसत्या अक्षरांचं एक नाव दिलं होतं. त्या नावापुढं आईबापांनी ठेवलेलं नाव त्यांना इतकं फिकं वाटू लागलं, की एकदा बँकेत त्यांनी सहीच्या जागी तीच अक्षरं लिहिली. परवाना त्यांनी काचेच्या चौकटीत घालून देवघरात बालाजी आणि खंडोबाच्या मधोमध टांगला होता. घरात बिनतारी यंत्र आहे असं कुणीतरी कळवल्यावरून एक हवालदार चौकशीला आला, तेव्हा दाजींनी तोंडानं काही न सांगता त्याला सरळ देवघरात नेऊन उभं केलं. हवालदारानं टोपी काढली, चौकट वाचली आणि हात जोडले. ते देवाला जोडले की परवान्याला, हे कुणालाच कळलं नाही. जाता जाता त्यानं हळूच विचारलं, भोकरदनला माझी बदली झाली का नाही ते ह्या यंत्रावर कळंल का? दाजी म्हणाले, "बदली न्हाई लागत त्याच्यावर. ब्राझील लागतं." हवालदार निराश होऊन गेला.

सकाळी माळवदावरच्या, म्हणजे धाब्याच्या गच्चीवरच्या, खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावला, की दाजींना वाचा फुटायची. खाली अंगणात उभं राहिलं की वरून त्यांचा खणखणीत आवाज यायचा, हसण्याचा गडगडाट यायचा. ताई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "बघ, हे माझेच बरं का." गल्लीला मात्र या बोलण्याचा वेगळाच ताप झाला. दाजी बोलायला लागले की आसपासच्या टीव्हीत तो आवाज घुसायचा. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागलेली, गल्ली हात जोडून बसलेली, देवानं उपदेशासाठी तोंड उघडलं की आतून आमच्या दाजींचा आवाज यायचा आणि तो कुणीही मला उत्तर द्या म्हणून इंग्रजीत विनवायचा. समोरच्या घरातली एक म्हातारी त्यालाही नमस्कार करायची. बाकीच्यांनी मात्र ताईकडं गाऱ्हाणं नेलं, आणि रविवारी मालिका संपेपर्यंत दाजींनी मौन पाळावं असा तह झाला. ताईचा स्वतःचा एक तंटा निराळाच होता. दाजी सेटवर तिचा उल्लेख 'एक्स वाय एल' असा करत. तिला वाटायचं, ही काहीतरी पदवी असावी. मी भोकरदनला शाळेत इंग्रजी शिकवायचो. एका सुट्टीत तिनं मला अर्थ विचारला आणि मी तो सांगितला. रेडिओवाले आपल्या बायकोला 'एके काळची तरुणी' म्हणतात. त्या दिवशी दाजींचं इटलीशी रंगात आलेलं बोलणं अर्ध्यावर बंद पडलं, आणि घराचा फ्यूज संध्याकाळपर्यंत ताईच्या कमरेच्या पिशवीत होता.

इतकी वर्षं दाजींची अँटेना एका उंच कळकाच्या बांबूवर होती आणि कळकाला नायलॉनच्या दोऱ्यांनी बांधलेलं होतं. वारं आलं की कळक वाकायचा आणि दाजींचा जीव खालीवर व्हायचा. मग एका वर्षी सरकीत बरं मिळालं आणि त्यांनी लोखंडी खांब उभा करायचं ठरवलं. बोअरचे जुने पाइप एकावर एक जोडून घेतले. मोंढ्यातले हमाल दोर लावून ओढायला आले, ताईनं नारळ फोडला, आणि परतूरमध्ये गावभर बातमी झाली की आता इथून पाऊस सांगणार आहेत. उंच खांब वाऱ्यात टिकायचा तर त्याला वरून चारी बाजूंनी तारा ओढून जमिनीत खुंट्यांना आवळाव्या लागतात. या तारांना ताण म्हणतात. दाजींनी आता दोऱ्या झुगारून दिल्या आणि चकचकीत लोखंडी तारेचे ताण आणले. तीन ताण आमच्याच अंगणात बसले. दक्षिणेकडचा चौथा मात्र भिंतीपलीकडं, शेजारच्या आबांच्या जागेत उतरणार होता.

आता आबांची परवानगी काढायची होती. ब्राझीलशी बोलणारा माणूस भिंतीवरून आबांशी बोलायला धजेना. शेवटी सुट्टीला आलेल्या मला पाठवलं. आबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आता मेंढरं गेली होती आणि एका म्हशीवर त्यांचं चाललं होतं. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठोका की. पण त्याच जागी म्हैस बांधतो मी. मंग मी तुमच्याच खुंटीला बांधीन. चालंल का?" दाजींना विचारलं तर त्यांनी मान हलवली. अशा रीतीनं आमच्या खांबाचा चौथा ताण आणि आबांची म्हैस एका खुंटीला आले.

खांब उभा राहिल्यावर दाजी दिवसातून कितीतरी वेळा अंगणात येऊन मान वर करून त्याच्याकडं बघायचे. ताईनं कपडे वाळत घालायला लगेच एक ताण पसंत केला, तेव्हा मात्र ते कळवळले. कोरडं सुती कापड चालेल, ओलं लुगडं नको, अशी त्यांची अट. ताई म्हणाली, कोरडं असतं तर वाळत कशाला घातलं असतं? आणि लुगडी ताणावर आली.

पण खरी गंमत पुढंच होती. दाजींचे देशोदेशी ओळखीचे होते, पण जिवाभावाचा मित्र एकच. तो पार कन्याकुमारीजवळच्या नागरकोइलचा. पोस्टमास्तर होऊन निवृत्त झालेला. आमच्या घरात त्याला पोस्टमास्तरच म्हणत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. त्याला मराठी येत नव्हती, दाजींना तमिळ येत नव्हती. दोघांच्या मधली भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि त्याहून मोडकी हिंदी. तेवढ्यावर रोज सकाळी त्यांचं बोलणं व्हायचं. तुझा आवाज कसा येतो, माझा कसा येतो, आभाळ कसं आहे, काल काय खाल्लं. भाकरी म्हणजे काय हे पोस्टमास्तर वारंवार विचारायचा आणि दाजी त्याला समजावून सांगायचे की ती एक पसरलेली कडक इडली असते. पोस्टमास्तरचा सेट लहान, त्यामुळं त्याचा आवाज मुळातच बारीक. पण कळकावरच्या अँटेनावर तो रोज पोचायचा.

नव्या खांबावर जपान आला, दिल्ली आली, रशिया तर शेजारी बसल्यासारखा आला. पोस्टमास्तर मात्र आला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठवडे गेले तरी नाही. दाजी ठरल्या वेळी हाका मारायचे आणि पलीकडून नुसती खरखर यायची. हळूहळू त्यांची खात्री झाली, की पोस्टमास्तर रागावला. कारण खांब उभा करायच्या आदल्या दिवशी ते थट्टेत त्याला म्हणाले होते, उद्यापासून मी मोठा माणूस, तुझा चिमणीचा चिवचिवाट मला कशाला ऐकू येतोय? ते आता त्यांना सारखं आठवायचं. पत्र टाका असं मी म्हटलं, तर ते माझ्यावरच बिघडले. रेडिओवाल्यानं रेडिओवाल्याला पत्र टाकायचं म्हणजे न्हाव्यानं दुसऱ्याकडं जाऊन दाढी करण्यापैकी होतं, आणि त्यातून पोस्टमास्तरनं तर निवृत्त होताना यापुढं तिकिटाला जीभ लावणार नाही अशी शपथ घेतलेली. दाजींचं जेवण तुटलं. दुकानात ते सरकी मागणाऱ्याला पेंड देऊ लागले. ताईनं मला निरोप पाठवला, जल्दी ये, हे खांब उभारून स्वतः आडवे झालेत.

मी भोकरदनहून निघालो, जालन्याला गाडी बदलली आणि परतूरला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी वर खरखरीपुढं बसले होते, ताई अंगणात चूल पेटवत होती, मी दात घासत होतो. तेवढ्यात कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला आणि आबांची म्हैस बुजली. तिनं एकच हिसका दिला, खुंटी उपटली आणि दाव्यासकट खुंटी घेऊन ती मोंढ्याच्या दिशेनं पळाली. खुंटीच्या कड्यातून ताण निसटला, सळसळत भिंतीवरून आला आणि खांबाच्या अंगाला लोंबकळू लागला. खांब जरासा कलला. ताईनं चूल टाकून खांबाला मिठी मारली, जसा काही तिच्यामुळंच तो उभा राहणार होता. आणि त्याच क्षणी वरून दाजी ओरडले. दाजींना घरातल्या माणसांना उद्देशून ओरडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"आला! पोस्टमास्तर आला!"

मी जिना चढून वर गेलो. खरखरीतून बारीक, पण अगदी ओळखीचा आवाज येत होता. तो रोज सकाळी दाजींना हाका मारत होता म्हणे. उत्तर नाही म्हटल्यावर त्यानं मनाशी धरलं होतं की खांब उंच झाला, दाजी खरंच मोठा झाला, आता लहान माणसाला कशाला ओळख देईल. दाजी नुसते नाही नाही म्हणत होते. रागावलो नव्हतो, मी पण हाकाच मारत होतो, हे त्यांनी त्याला तीन भाषांत सांगितलं, त्यातली मराठी तर त्याला कळत नव्हती. मग पोस्टमास्तरनं विचारलं, काल काय खाल्लं? दाजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "फ्लॅट इडली."

खाली आबा म्हैस घेऊन परतले होते. खुंटी पुन्हा ठोकली, ताण आवळला, ताईनं खांब सोडला. आणि वर पोस्टमास्तर पुन्हा नाहीसा झाला. दाजी खाली आले. त्यांनी ताणाकडं पाहिलं, म्हशीकडं पाहिलं, पुन्हा ताणाकडं पाहिलं. आणि ज्या माणसाशी ते भिंतीवरून कधी बोलले नव्हते त्याला म्हणाले, "आबा, उद्या सकाळी तुमची म्हैस पाहिजे."

ताण हातानं सोडता आला असता. हे मी सांगितलं, ताईनं सांगितलं. पण शास्त्रात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, आणि आजच्या प्रयोगात म्हैस होती, तेव्हा उद्याही ती पाहिजे, असं दाजींचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी आबा वैतागून म्हशीला हुसकत होते, ती रवंथ करत होती, आणि दाजी माळवदावरून "हां, आता" म्हणून खूण करत होते. शेवटी आबा म्हणाले, "रेडिओवाले, म्हैस दुधाची हाय, सर्कशीची न्हाई. बिचकून आटली मंग?" मग त्यांनी स्वतःच ताण सोडला. पोस्टमास्तर आला. ताण बांधला. गेला. सोडला, आला. ही सोडबांध बघायला गल्ली जमली. वरून दाजी आणि खालून आबा, दोघं एकमेकांना ओरडून सांगत होते, आणि शेजार जडल्यापासून त्यांचं जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या एका सकाळी झालं.

दाजींनी मग तो ताण फुटपट्टीनं मोजला आणि कपाळावर हात मारला. ताणाची लांबी जवळजवळ अँटेनाच्या तारेइतकीच भरली होती. संध्याकाळी त्यांनी मला समजावून सांगितलं. भजनात एक तार छेडली की तिच्याच सुरात लावलेली शेजारची तार कुणी हात न लावता झणझणते की नाही? तसंच हे. अँटेनाला भेटायला आलेला आवाज हा ताण वाटेतच झेलून घेत होता, आणि आमचा जाणारा आवाज दुसरीकडंच वळवत होता. नायलॉनच्या दोरीला सूर नसतो, म्हणून कळक होता तोवर सगळं बराबर होतं. जपान-रशियाच्या वाटेत हा ताण नव्हता. तो उभा होता बिलकुल नागरकोइलच्या तोंडावर. "म्हंजे इतके दिवस," दाजी म्हणाले, "माझीच तार माझा मित्र खाऊन राह्यली होती."

यावर इलाज असा, की ताणाचे तुकडे करायचे आणि दोन तुकड्यांच्या मध्ये चिनी मातीचा गोळा घालायचा, म्हणजे ताण ताकदीला सलग राहतो पण विजेला तुटका. आणि तुकडे आखूड, लहानमोठे झाले की कुणाचाच सूर अँटेनाशी जुळत नाही. विजेच्या खांबांच्या ताणात हे गोळे असतात. दिसायला अंड्यासारखे, म्हणून लाइनमन त्यांना अंडीच म्हणतात. इथं नवं रामायण झालं. दाजींच्या आई गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या, घरात कांदासुद्धा चातुर्मासात यायचा नाही. त्यांनी ओसरीवरून आपल्या मुलाला सुनेच्या भावाला, म्हणजे मला, सांगताना ऐकलं: "पाव्हणे, जालन्याहून येताना दोन पिशव्या अंडी आणा, फुटकी घेऊ नका." म्हातारीनं ताट बाजूला सारलं. मी जालन्याहून परत आलो, पिशवी उघडून एक गोळा त्यांच्या हातावर ठेवला, तरी त्यांना पटेना. त्यांनी तो वाजवून बघितला, हुंगला, आणि अखेर म्हणाल्या, "इतकं कडक अंडं घालणारी कोंबडी कुठली म्हणायची?" पण त्या जेवल्या.

नवे कोरे ताण कापणं दाजींच्या जिवावर आलं. पण कापले. चारही ताणांत गोळ्यांच्या माळा आल्या, आणि पोस्टमास्तर रोज सकाळी यायला लागला तो पुढं कित्येक वर्षं.

दाजींच्या मुलीच्या लग्नाला पोस्टमास्तर आला. आगगाडीतून परतूर स्टेशनावर उतरला: पांढरंशुभ्र धोतर, हातात केळ्याच्या चिप्सचा डबा. दाजी पुढं झाले, हात धरला आणि दोघंही तसेच उभे राहिले. टांग्यात गप्प. घरी ओसरीवर खुर्च्या टाकून दिल्या, तरी गप्प. ताईनं भाकरी वाढली. पोस्टमास्तरनं ती उलटून पालटून बघितली आणि मान डोलावली. बस, एवढंच. लग्नघर गजबजलेलं आणि हे दोघे एकमेकांसमोर नव्या नवरा-नवरीसारखे खाली मान घालून बसलेले. ताईला राहवेना. तिनं दाजींचा जुना छोटा सेट उचलला, पाहुण्यांच्या खोलीत नेऊन ठेवला, पोस्टमास्तरला आत बसवलं आणि दाजींना सांगितलं, "जा वर." जरा वेळानं माळवदावरून हसण्याचा गडगडाट आला आणि खालच्या खोलीतून दुसरा. मध्ये एक भिंत आणि एक जिना होता. वरात निघेपर्यंत ते दोघे बोलत होते, आणि मुलीच्या पाठवणीला तिच्या बापाला शोधायला मला वर जावं लागलं.

पुढं परतूरमध्ये मोबाइलचा टॉवर आला. लोकांना खिशातून कुणाशीही बोलता येऊ लागलं. आबा गेले, म्हैस तर त्यांच्याही आधी गेली. दाजी दुकानात तसेच घुमे आणि माळवदावर तसेच बोलके राहिले. एका सकाळी ठरल्या वेळी नागरकोइलहून बाईचा आवाज आला. पोस्टमास्तरची मुलगी होती. तिला सेट चालवायचा परवाना नव्हता, पण अप्पांनी तिला सांगून ठेवलं होतं, की या वेळेला इथं जो हाक मारतो त्याला आधी कळव. तिनं कळवलं, अप्पा गेले.

ताई तेव्हा चहा घेऊन जिन्यात उभी होती. हे मला तिनं सांगितलं. दाजी म्हणाले, नीट येत नाही, परत सांगा. मुलीनं परत सांगितलं. दाजी म्हणाले, आवाज तुटतोय, आणखी एकदा सांगा. तिनं सावकाश, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगितलं. ताई म्हणाली, "अरे, मला जिन्यात सगळं लख्ख ऐकू येत होतं."